बे एरिया रिज ट्रेल: डोंगरधारेवरचे तुमचे अनुभव

रानवाट
काल गराज आवरताना जुने बूट सापडले. डाव्या बुटाच्या नाडीत गवताचं एक कुसळ अजून रुतलेलं होतं. रशियन रिजचं, सॅन फ्रान्सिस्को खाडीभोवतीच्या डोंगरांवरून जाणाऱ्या आपल्या रिज ट्रेलच्या एका टप्प्यावरचं. हात तिथेच थांबला.

पहिल्यांदा गेले तेव्हा ब्लॅक माउंटनवर तंबूत मुक्काम होता, त्यामुळे पाठीवर हे भलंमोठं बोचकं. वाळलेल्या सोनेरी गवतातून वाट, आणि मागून टापा. मी घाबरून झुडपाआड सरकले, तर घोडाच बिचकला. वर बसलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "लपू नका, बोला त्याच्याशी. त्या ओझ्यामुळे त्याला तुम्ही माणूस वाटत नाही आहात." काय बोलावं सुचेना. मराठीतच म्हटलं, "ये रे बाळा, जा पुढे." त्याचा एक कान माझ्याकडे वळला, मान खाली आली आणि तो माझ्या खांद्याजवळून फुरफुरत निघून गेला. तो गरम श्वास अजून आठवतो.

तुम्हीही लिहा. कुठलाही टप्पा चालेल.

टापटाप
बाळा!! 😀 मी दर रविवारी घोड्यावर असते, खरंच सांगते, आवाज ऐकला की तो निवळतो. आणि उभं राहायचं ते उताराच्या बाजूला. वरून झेप पडेल ही भीती त्याच्या रक्तातच आहे.

दोनचाकी
आम्हा सायकलवाल्यांनी घोडा आणि चालणारे, दोघांनाही वाट द्यायची. रशियन रिजच्या भागात वेगमर्यादा ताशी १५ मैल, माणसाजवळून जाताना ५. आणि घंटी लांबूनच वाजवा रे. वळणावर एकदा एका आजोबांच्या अगदी पुढ्यात ब्रेक मारला. ते काही बोलले नाहीत, फक्त छातीवर हात ठेवून उभे राहिले. तेव्हापासून आंधळ्या वळणावर उतरून चालतो.

कोरडा_खोकला
पॉयझन ओक, ते अंगाला खाज आणणारं झुडूप. बास.

माऊ
@कोरडा_खोकला अरेरे, कुठे झालं?

कोरडा_खोकला
दोन्ही पोटऱ्या. जानेवारीत. तीन पानं असतात ते माहीत होतं, पण तेव्हा पानं गळलेली, नुसत्या काड्या. तेल काड्यांनाही असतं. कपडे आणि नाड्यासुद्धा साबणाने धुवा.

दवबिंदू
मला पुरिसिमा क्रीकचं जंगल आठवतं. वर रस्त्यालगत धुकं, अंगावर थेंब नाही. दहा पावलं आत रेडवूडखाली गेलो तर टपटप टपटप, वाट ओली, नेचे भिजलेले. मुलगा म्हणाला, "बाबा, इथेच पाऊस का?" समुद्रावरून येणारं धुकं त्या उंच झाडांच्या पानांना लागून ठिबकतं. उन्हाळाभर पाऊस नसतो तेव्हा झाडांना त्याचाच आधार. त्याला पटेना, तोंड वर करून जीभ काढून उभा राहिला.

माऊ
किती गोड. केवढा आहे तो आता?

दवबिंदू
कॉलेजात. मलाच वाट देतो.

पायी_पायी
सगळी रिज ट्रेल पूर्ण केलीय का कोणी? किती दिवस लागतात?

दोनचाकी
सलग नाहीच अजून. आराखडा ५५० मैलांचा, त्यातले ४०० च्या वर खुले आहेत. तुकड्या-तुकड्यानेच होते. शिवाय काही तुकड्यांवर सायकल चालत नाही, पाटी बघून निघा.

सांजवेळ
आई आली होती तेव्हा बोरेल हिलवर नेलं. २५७२ फूट, पण गाडी बरीच वर, डोंगरधारेच्या रस्त्यापर्यंत येते, त्यामुळे पायी चढ थोडाच. एप्रिल होता, पॉपी फुललेल्या. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. आई गवतात बसली ती उठेचना. गुडघ्यांमुळे असेल म्हणून हात दिला, तर म्हणाली, "थांब गं जरा, वारा ऐकू दे." यंदा ती नाही. मी गेले होते त्याच जागी, तासभर बसले.

रानवाट
@सांजवेळ 🙏 पुढच्या वेळी सोबत हवी असेल तर सांग. मी येईन.

टापटाप
मीही.

माऊ
रानवाट, ते बूट कुठले होते? माझे सोल सुटलेत, शनिवारच्या आत घ्यायचेत.