सीकॅश लावा म्हणे! आणि लाइट कोण लावणार?

कातळावरचा
काल एका पुणेकरांनी इथे लिहिलं, "सी प्लस प्लसचा बिल्ड ४० मिनिटं चालतो म्हणून काय रडता? सीकॅश लावा, डिस्ट-सीसी लावा, पाच मिनिटांत आटपेल. गावाला बसून आळस चढलाय." रात्रभर ते डोक्यात घोळत होतं, म्हणून आता नीटच लिहितो. नवख्यांसाठी: बिल्ड म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम करणं; सीकॅश आधी कंपाइल झालेलं जपून ठेवून परत वापरतं, डिस्ट-सीसी कंपाइलचं काम इतर मशीनवर वाटतं.

डिस्ट-सीसीमध्ये प्रीप्रोसेसिंग, म्हणजे इन्क्लूड केलेली हेडरं फाइलीत ओतणं, आपल्याच मशीनवर होतं, मग ती फुगलेली फाइल पलीकडे जाते. नुसतं आयओस्ट्रीमचं हेडर घेतलं तरी हजारो ओळी. ऑफिसच्या लॅनवर ठीक आहे हो. रत्नागिरीतल्या माझ्या घरून पुण्याच्या सर्व्हरवर अशा दोन हजार फाइली चढेपर्यंत मी भाट्याच्या किनाऱ्यावर फेरी मारून येईन. एवढं करून लिंकिंग, म्हणजे सगळे तुकडे जोडणं, पुन्हा माझ्याच लॅपटॉपच्या बोडक्यावर! आणि सीकॅश म्हणाल तर तीन महिने लावलंय. काडीचा फरक नाही.

घाटमाथा
तो पुणेकर मीच. डिस्ट-सीसीत पंप मोड आहे, त्यात प्रीप्रोसेसिंगही पलीकडे होतं. कॉम्प्रेशनही आहे. लिंकिंग जड जात असेल तर मोल्ड हा वेगवान लिंकर वापरा. वाचायचा कंटाळा असेल तर माझा इलाज नाही.

माडाबुडी
मोल्ड म्हणजे बुरशी? ती पावसात आमच्या भिंतीर फुकट गावता. तुमचा सगळा बरोबर आसा, पण लाईट खंय आसा? काल ८७ टक्क्यार बिल्ड इलो नि गेली.

वाशिष्ठीकाठ
लाइटचं काय घेऊन बसलात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं, दोन डेस्कटॉप चिखलात गेले. तेव्हापासून मशीन माडीवरच.

सुपारीवाला
३ जून २०२० चं निसर्ग वादळ विसरलात? आमच्या दापोलीकडच्या वाडीत कित्येक दिवस अंधार. इन्व्हर्टरवर अख्ख्या वाडीचे मोबाइल चार्ज होत होते आणि ऑफिसातून विचारणा, "बिल्ड झाला का?" वर खारी हवा. रॅम काढून पिना पुसायच्या, परत बसवायची, हा आमचा दर दोन महिन्यांचा कुळाचार.

घाटमाथा
धागा कंपायलेशनचा आहे की हवामान खात्याचा? इतका त्रास असेल तर या की पुण्याला.

सुपारीवाला
आलो असतो, पण तुमच्या ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा बिल्डमध्ये अडकलेलं बरं. आणि घाटावर बसून सल्ले द्यायला जातंय काय?

माडाबुडी
😂😂

वाशिष्ठीकाठ
भांडा खुशाल, पण डिस्ट-सीसी निकामी आहे असं मी म्हणू देणार नाही. माडीवर तीन जुनी मशीनं, एक स्विच, साध्या केबल. इंटरनेट गेलं तरी लॅन चालू. २५ मिनिटांचा बिल्ड नऊवर आला. आधी आठवडाभर डोकं फुटायची वेळ आली होती, कारण एका मशीनवर जीसीसी हा कंपायलर वेगळ्या आवृत्तीचा होता. डिस्ट-सीसी कंपायलर पाठवत नाही, पलीकडे जो असेल तोच वापरतं. शेवटी आइसक्रीम नावाच्या तशाच दुसऱ्या साधनावर गेले, ते कंपायलरच गुंडाळून पाठवतं.

आणि घाटमाथा, घरून ऑफिसच्या सर्व्हरला जोडा म्हणताना डिस्ट-सीसीचं ३६३२ पोर्ट (म्हणजे नेटवरचं दार) उघडं टाकायला सांगू नका. साध्या टीसीपी जोडणीवर डिस्ट-सीसी पासवर्ड विचारत नाही, पोहोचेल त्याला आत घेतं. एसएसएचच्या सुरक्षित जोडणीवरून जा, थोडं हळू चाललं तरी चालेल.

घाटमाथा
पोर्ट उघडं टाका असं मी कुठे म्हटलं? बरं, लांबच्या सर्व्हरचा मुद्दा मान्य. अर्धाच.

कातळावरचा
अर्धा तर अर्धा. नोंद घेतली.

वाशिष्ठीकाठ
कातळावरचे, ते "काडीचा फरक नाही" मला पटत नाही. सीकॅश -एस चालवून आकडेवारी इथे टाका.

कातळावरचा
हिट, म्हणजे कॅशमधून मिळालेलं, ६ टक्के. बघा, सांगत होतो ना!

वाशिष्ठीकाठ
६ म्हणजे काहीतरी मोडलंय. कोड एकाच फोल्डरात आहे का? हेडरमध्ये कुठे वेळ छापताय का?

कातळावरचा
कोडच्या दोन प्रती, म्हणजे क्लोन आहेत, मेन आणि रिलीज. दोन्ही डीबगच्या माहितीसकट. वेळ म्हणाल तर व्हर्जनच्या हेडरमध्ये बिल्डची वेळ येते, स्क्रिप्टच लिहिते. ते हेडर... सगळीकडे इन्क्लूड आहे.

घाटमाथा
🙏

वाशिष्ठीकाठ
मग दर बिल्डला प्रत्येक फाइल नवीनच दिसणार, सीकॅश बिचारं काय करेल? वेळ एका सीपीपी फाइलीत हलवा. डीबग असताना फोल्डरचा पत्ताही हॅशमध्ये, म्हणजे सीकॅश फाइल ओळखतं त्या ठशात जातो, म्हणून दोन क्लोन एकमेकांना उपयोगी पडत नाहीत. सीकॅशच्या सेटिंगमध्ये बेस-डिर लावा, हॅश-डिर बंद करा. कॅशची मर्यादा किती ठेवलीय?

कातळावरचा
मर्यादा ठेवायची असते?

वाशिष्ठीकाठ
म्हणजे मूळची ५ जीबीच. एक क्लोन भरतो, दुसरा हुसकावतो. २५ करा.

घाटमाथा
आळस गावाचा नव्हता म्हणायचा, कॉन्फिगचा होता.

कातळावरचा
तुम्ही गप्प बसा हो. वाशिष्ठीकाठ, वेळ हलवली, मर्यादा वाढवली. पहिला बिल्ड ४१ मिनिटं, तो लागणारच होता. दुसरा लावलाय, आकडा टाकतो.

माडाबुडी
काय झाला? किती इलो?

कातळावरचा
लाइट गेली.