मागची ॲपं सारखी बंद करूनही बॅटरी दुपारीच संपते, काय करावं?

मावळी_पोर:
नमस्कार मंडळी, वहिनीच्या मोबाईलबद्दल विचारायचंय. वहिनी आशा सेविका आहे, आमचं गाव वेल्ह्याच्या डोंगरात आणि गावाबरोबर वरच्या वाड्या पण तिच्याकडेच आहेत, म्हणजे सकाळी निघाली की एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर चालत, घरोघरी माहिती भरायची, गरोदर बायकांची विचारपूस, लसीकरणाची आठवण करून द्यायची, आणि हे सगळं आता मोबाईलवर. फोन ५जी आहे, ५००० एमएएचची बॅटरी, अँड्रॉइड १३, रॅम ४ जीबी, दोन सिम, घेऊन दोन-अडीच वर्षं झाली असतील. सकाळी १०० टक्के घेऊन निघते आणि दुपारी दोन-अडीचला १५-२० वर आलेला असतो, खिशात गरम पण लागतो. गंमत म्हणजे ज्या दिवशी ती गावातच असते त्या दिवशी तोच फोन रात्रीपर्यंत आरामात पुरतो.

तालुक्याला मोबाईलच्या दुकानात दाखवला तर ते म्हणाले मागे ॲपं चालू राहतात ती काढत जा, आणि एक क्लीनर ॲप टाकून दिलं. तेव्हापासून वहिनी थोड्या थोड्या वेळाने ते चौकोनी बटण दाबून सगळं साफ करते. बॅटरीला काडीचा फरक नाही, उलट आता आरोग्य केंद्राच्या ग्रूपवरचे मेसेज उशिरा यायला लागलेत, लसीकरणाची जागा बदलली तरी तिला व्हॉट्सॲप उघडल्यावरच कळतं. नवीन फोन घ्यायची आत्ता ऐपत नाही. जाणकारांनी सांगावं.

कोडगिरी:
आधी तो क्लीनर उडवा. अनइन्स्टॉलच करा, नुसता बंद नको. तो स्वतः दिवसभर जागा राहतो, दुसऱ्यांना मारत बसतो, वर जाहिराती दाखवतो, त्यालाच वीज लागते.

आता ते चौकोनी बटण. मी पोटापाण्यासाठी अँड्रॉइडची ॲपंच बनवतो म्हणून जरा सविस्तर सांगतो, कारण हा गैरसमज दुकानदारापासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसलाय. ते बटण दाबलं की उघडलेल्या ॲपांची जी यादी येते, तिच्यात दिसणारं ॲप चालू असतंच असं नाही. खात्री करायची तर फोन बंद करून परत चालू करा, यादी बहुतेक जशीच्या तशी दिसेल, म्हणजे ती फक्त तुम्ही शेवटी काय काय उघडलं होतं त्याची यादी आहे. ॲप स्क्रीनवरून बाजूला झालं की अँड्रॉइड त्याला रॅममध्ये ठेवतो, आणि अलीकडच्या व्हर्जनमध्ये थोड्या वेळाने अक्षरशः गोठवतो, त्याला प्रोसेसर मिळतच नाही. रॅम भरलेली असली काय आणि रिकामी असली काय तिला वीज तेवढीच लागते. जागा कमी पडली तर जुनं ॲप काढून टाकायचं काम सिस्टिम स्वतः करते, आपण करायची गरज नाही. उलट तुम्ही हाताने काढलं की पुढच्या वेळी ते पहिल्यापासून लोड होणार, स्टोरेजमधून सगळं वाचणार, सर्व्हरला परत विचारणार, आणि खरी वीज इथे जाते. वहिनी सर्व्हेचं ॲप दिवसात कितीदा उघडत असतील विचार करा.

हे माझं एकट्याचं मत नाही. २०१६ मध्ये एका ग्राहकाने ॲपलला ईमेल करून विचारलं होतं की ॲपं बंद केल्याने बॅटरी वाचते का, त्याला ॲपलचा सॉफ्टवेअर प्रमुख क्रेग फेडरिगीने सरळ नाही म्हणून उत्तर दिलं होतं, आणि त्याच सुमाराला अँड्रॉइडचे तेव्हाचे प्रमुख हिरोशी लॉकहायमर पण म्हणाले होते की फायदा तर नाहीच, झालं तर किंचित नुकसानच होईल. शिवाय २०१५ ला अँड्रॉइड ६ मध्ये डोझ आला, फोन नुसता पडून असला की सगळ्यांना झोपवणारा, मग ८ मध्ये मागे चालणाऱ्या सर्व्हिसवर बंधनं आली, ९ मध्ये तुम्ही कमी वापरता त्या ॲपांना मागच्या रांगेत ढकलायला लागले. तुमचा १३ आहे, त्याच्यात हे सगळंच आहे.

मेसेज उशिरा येण्याचं कारण पण हेच दिसतंय. काही कंपन्यांच्या फोनमध्ये यादीतून नुसतं सरकवलं तरी ॲप फोर्स स्टॉप केल्यासारखं मरतं, आणि फोर्स स्टॉप झालेल्या ॲपला तुम्ही स्वतः उघडेपर्यंत नोटिफिकेशन पोचतच नाही. तेव्हा व्हॉट्सॲप आणि सर्व्हेचं ॲप, फक्त ही दोन, त्यांच्या आयकॉनवर दाबून धरा, ॲप इन्फो, बॅटरी, तिथे अनरिस्ट्रिक्टेड करा. शाओमी, ओप्पो, व्हिवो असल्या फोनमध्ये ऑटोस्टार्ट नावाचं वेगळं बटण पण शोधावं लागतं, ते या दोघांना चालू करा. बाकी सगळं ऑप्टिमाइझ्डवरच राहू द्या, हात लावू नका.

हे झालं की सेटिंगमध्ये बॅटरी युसेज उघडा, वाडीवर गेलेल्या दिवशीचं संध्याकाळी बघा आणि वरची चार-पाच नावं इथे टाका. अंदाजाने बोलण्यापेक्षा ते बरं.

काटकसर:
कोडगिरी, थिअरी ठीक आहे पण माझ्या ३ जीबीच्या फोनवर सगळं साफ केलं की फोन सुसाट पळतो हा रोजचा अनुभव आहे. मग तो काय भास म्हणायचा का? आणि मॅप चालू करून ठेवला तर मागे बॅटरी खातोच की.

कोडगिरी:
काटकसर, भास नाही. कमी रॅमचा फोन अडकायला लागला की साफ केल्यावर थोडा वेळ मोकळा होतो, पण तो प्रश्न फोन हँग होण्याचा आहे, बॅटरीचा नाही, या दोन गोष्टी लोक एकत्र करतात. मॅपचं म्हणणं बरोबर आहे तुमचं. रस्ता दाखवणारा मॅप, हॉटस्पॉट, चालू असलेला व्हिडिओ कॉल, कुणाला पाठवलेलं लाइव्ह लोकेशन, ही मागे खरोखर काम करत असतात. ओळखायची खूण म्हणजे वरून नोटिफिकेशनचा पडदा ओढला की तिथे त्यांची पट्टी दिसते. पट्टी दिसली तर तिथूनच थांबवा. पट्टी नाही तर बहुतेक वेळा सोडून द्या.

टॉवरवाला:
मावळी_पोर, गावात असली की फोन रात्रीपर्यंत पुरतो आणि वाड्यांवर गेली की दुपारी संपतो हे तुम्हीच लिहिलंय आणि उत्तर तिथेच आहे. ॲपं दोन्ही दिवशी तीच. बदलते ती रेंज. मी मोबाईल नेटवर्कच्या कामात आहे, डोंगरातल्या साइट्स भरपूर बघितल्यात, म्हणून ठामपणे सांगतो की आधी सिग्नल बघा.

फोन ऐकतो आणि बोलतो पण. टॉवर जवळ असला की तो हळू आवाजात बोलतो, लांब असला किंवा मध्ये डोंगराची सोंड आली की ओरडून बोलतो. ४जी फोन जास्तीत जास्त २३ डीबीएम म्हणजे साधारण २०० मिलिवॅट ताकदीने सिग्नल सोडतो, आणि तो नुसता हवेत जाणारा, तेवढा तयार करायला आतलं सर्किट त्याच्या कितीतरी पट वीज घेतं. चांगल्या रेंजमध्ये याच्या शंभराव्या हिश्श्यातसुद्धा काम भागतं. शिवाय रेंज खराब असली की एकच फोटो अपलोड व्हायला दहापट वेळ लागतो, डेटाचे तुकडे वाटेत गळतात, परत पाठवावे लागतात, आणि तेवढा वेळ रेडिओ जागा. रेंज पूर्ण गेली की फोन टॉवर शोधत बसतो, दोन सिम असतील तर दोन्ही सिम शोधतात. फोन खिशात गरम लागतो तो बहुतेक यानेच.

सेटिंग, अबाउट फोन, सिम स्टेटस इथे सिग्नल स्ट्रेंग्थ आकड्यात दिसते. आकडा उणे असतो. -८५ च्या आसपास उत्तम, -११० च्या खाली गेला म्हणजे -११५, -१२० असं दिसायला लागलं की समजा फोन ओरडतोय. वहिनींना प्रत्येक वाडीवर दोन्ही सिमचा आकडा बघायला सांगा.

मग असं करा. नेटवर्क टाइपमध्ये ५जी काढून ४जी ठेवा, त्या भागात ५जी एका टेकाडावर येतो नि दुसऱ्यावर जातो, फोन उगाच उड्या मारत राहतो. ज्या सिमला वाड्यांवर रेंज नाहीच ते सिम सेटिंगमधून बंद करा, काढायची गरज नाही. यात एक गोष्ट लक्षात घ्या, जिओला २जी ३जी नाहीच, त्यामुळे त्याचं ४जी गेलं की खाली उतरायला पायरी नसते, फोन सरळ शोधायला लागतो. एअरटेलचं २जी अजून चालू आहे, ४जी नसेल तिथे साधा कॉल त्याच्यावर लागू शकतो. कुठलं बरं हे मी इथे बसून सांगू शकत नाही, आकडे सांगतील. आणि एका वाडीवरून दुसऱ्या वाडीवर चालत जाताना फ्लाइट मोड लावला तर सगळ्यात जास्त वाचेल.

मावळी_पोर:
सगळ्यांचे आभार, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. क्लीनर काढला, दोन ॲपं अनरिस्ट्रिक्टेड केली, ग्रूपचे मेसेज आता रेंज आली की लगेच येतात. बॅटरी युसेज बघितलं, वाडीवरच्या दिवशी सगळ्यात वर स्क्रीन, मग मोबाईल नेटवर्क, मग सर्व्हेचं ॲप, मग व्हॉट्सॲप. आकडे पण घेतले, वरच्या दोन वाड्यांवर एका सिमला -११८ आणि दुसऱ्याला नो सर्व्हिस.

पण टॉवरवाला दादा, फ्लाइट मोड नाही जमणार. पोटात दुखायला लागलं की घरचे १०८ च्या आधी वहिनीलाच फोन लावतात, मागच्या पावसाळ्यात रस्ता वाहून गेला होता तेव्हा डोलीतून बाई खाली आणली ती सगळी जुळवाजुळव फोनवरच झाली. ती फोन कधीच बंद ठेवत नाही आणि ठेवणार पण नाही. दुसरं काही आहे का? आणि स्क्रीनचं काय करायचं, डार्क मोड लावू का?

टॉवरवाला:
बरोबर आहे तिचं, फ्लाइट मोडचं विसरा, कॉल यायलाच हवा. मग नो सर्व्हिसवालं सिम घरून निघतानाच बंद करायचं आणि चालताना फक्त मोबाईल डेटा बंद ठेवायचा. डेटा बंद असला तरी कॉल येतात, जिओवरही येतात. तरी एकदा घरी डेटा बंद करून त्या नंबरवर फोन लावून बघा, खात्री झालेली बरी. फोनला टॉवरशी हळूच हजेरी लावायला फारशी वीज लागत नाही, -११८ ला मागे चाललेला डेटा बॅटरीची वाट लावतो.

सोनचाफा:
मी गटप्रवर्तक आहे, म्हणजे आशाताईंच्या कामावर देखरेख करते, धडगावच्या बाजूला, आमच्याकडे तर तुमच्यापेक्षा वाईट अवस्था. आमच्या आशाताई काय करतात ते सांगते. प्रत्येक पाड्यावर एक जागा असतेच जिथे रेंज येते, कुठे शाळेचा ओटा, कुठे वरच्या अंगाचं मोहाचं झाड, गावातल्या पोरांना ती बरोबर माहीत असते. घरात बसून माहिती भरायची तेव्हा डेटा बंद, ॲपात ऑफलाइन सेव्ह होत असेल तर सेव्ह करायचं, फोटो पण काढून ठेवायचे, आणि सगळी घरं झाली की त्या जागेवर जाऊन डेटा चालू करून एकदम पाठवायचं. घराच्या आत पत्र्याखाली उभं राहून एकेक फॉर्म पाठवत बसलं की फॉर्म पण अडकतो आणि बॅटरी पण जाते. तुमच्या वहिनीच्या ॲपात ऑफलाइनची सोय आहे का ते तिच्या गटप्रवर्तक ताईंना विचारा, बऱ्याच जणींना ती आहे हेच माहीत नसतं.

लोकेशन पण बघा. सर्व्हेच्या ॲपला लोकेशन लागत असेल तर द्या, पण फक्त ॲप वापरताना असं निवडा. बाकी खरेदीची, बातम्यांची, हवामानाची ॲपं असतील त्यांचं काढून टाका.

आणि दादा, वहिनीला सांगा खर्च तिने एकटीने सोसू नये. आमच्याकडे बायकांनी मीटिंगमध्ये पॉवर बँकचा विषय काढला होता. मोबाईलवर काम घेता तर चार्जिंगचा विचार कामाचाच भाग आहे, हे बोलायला संकोच कशाला.

काटकसर:
सोनचाफा ताईंना +१. पॉवर बँक घेताना एवढं बघा, १०००० एमएएच लिहिलेलं असलं तरी आतला सेल ३.७ व्होल्टचा आणि बाहेर ५ व्होल्टने देतो, शिवाय थोडी वीज वाया जाते, म्हणून हातात ६०००-६५०० च्या आसपास मिळतात. ५००० च्या फोनला एकदा पूर्ण आणि वर थोडं. वहिनीला तेवढं बास आहे, २०००० चा धोंडा डोंगर चढताना कशाला पाठीवर.

कोडगिरी:
स्क्रीनचं राहिलंच. डार्क मोडचा फायदा ओलेड डिस्प्लेवर होतो कारण तिथे काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, तोही ब्राइटनेस पूर्ण असेल तेव्हा जास्त. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये मोजलं होतं, ३० ते ५० टक्के ब्राइटनेसला सरासरी ३ ते ९ टक्केच वाचले, पूर्ण ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७. फोनच्या खोक्यावर एलसीडी किंवा आयपीएस लिहिलं असेल तर मागचा दिवा तसाही पूर्ण जळतो, डार्क मोडने जवळजवळ काहीच वाचणार नाही. उन्हात तर काळ्यावरचं पांढरं वाचायला पण त्रास होतो. त्यापेक्षा स्क्रीन टाइमआउट ३० सेकंद करा आणि फॉर्म भरताना सावलीत बसा, ऑटो ब्राइटनेस आपोआप खाली येतो.

हे सगळं करून आठवडाभर बघा. तरीसुद्धा ३०-४० टक्क्यांवरून फोन एकदम बंद पडायला लागला तर मात्र बॅटरीच थकली, मग ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून बदलून घ्या, नवीन फोनपेक्षा खूप स्वस्तात होतं. आणि मागचं झाकण कुठेही उचललेलं दिसलं, फोन टेबलावर सपाट बसत नसला, तर बॅटरी फुगली असं समजून त्याच दिवशी चार्जिंग थांबवा, वाट बघू नका.

मावळी_पोर:
झाकण व्यवस्थित आहे, आत्ताच टेबलावर ठेवून बघितलं. खोक्यावर आयपीएस लिहिलंय म्हणजे डार्क मोड राहू दे. दुसरं सिम बंद केलंय, ४जी वर टाकलाय, डेटा बंद करून कॉल लावून बघितला, लागतो. ऑफलाइनचं वहिनी सोमवारच्या मीटिंगला विचारणार आहे आणि पॉवर बँकचं पण मांडणार आहे. काय होतं ते इथेच लिहितो.