मदत हवी आहे: वडिलांच्या न भरणाऱ्या जखमेवर लक्ष ठेवणारा सेन्सर पुण्यात कोठे मिळेल?

कोथरूडची_लेक
वडिलांच्या पायाची जखम अकरा आठवडे झाले तरी भरत नाही. सिस्टर आठवड्यातून दोनदा घरी येऊन ड्रेसिंग बदलतात, पण मधल्या दिवसांत पट्टीखाली काय चालले आहे हे कोणालाच कळत नाही. गेल्या रविवारी पट्टी सोडली तेव्हा आतली गॉज जखमेतून पाझरलेल्या लसीने चिंब झाली होती आणि जखमेभोवतीची चांगली कातडी पांढरी पडून लिबलिबीत झाली होती. मी नोकरीसाठी सकाळी हडपसरला जाते ती रात्रीच परतते; दिवसभर घरी फक्त बाबा आणि स्वयंपाकाच्या मावशी असतात. जखमेची माहिती मोबाइलवर पाठवणाऱ्या पट्टीविषयी मी वाचले आहे. ती पुण्यात कोठे मिळेल, किंवा कोणाकडून करून घेता येईल, एवढेच मला हवे आहे. ‘डॉक्टरांना दाखवा’ असे कृपया लिहू नये, दाखवलेले आहे.

मुठाकाठ
आपण जे वाचले ते बहुधा अमेरिकेतील संशोधन असावे. स्टॅनफर्डच्या गटाने २०२२ साली तापमान आणि विद्युतरोध मोजणारी पट्टी उंदरांवर तपासली, तर कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेच्या गटाने २०२३ साली आम्लता, तापमान, युरिक आम्ल, लॅक्टेट इत्यादी एकाच वेळी मोजणारी पट्टी दाखवली. त्याच गटाने २०२५ साली जखमेतील ताजा स्राव सूक्ष्म नळ्यांतून ओढून घेणारी पट्टी २० रुग्णांवर वापरली. यांपैकी काहीही औषधाच्या दुकानात मिळत नाही. शिवाय एकट्या आकड्याचा अर्थ लावणे अवघड असते: निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि जुनाट जखम सहसा अल्कधर्मी, म्हणजे पीएच ७ ते ९ च्या दरम्यान असते, पण तेवढ्यावरून संसर्ग झाला असे ठरत नाही. वडिलांना मधुमेह आहे का, आणि जखम नेमकी कोठे आहे?

जोडणीवाला
मिळत नसेल तर करता येते. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत डीएस१८बी२० हे तापमानाचे सेन्सर आणि त्यांचे आकडे बिनतारी मोबाइलवर पाठवणारे ईएसपी३२ बोर्ड सहज मिळतात. माझ्या आईला मधुमेह आहे, म्हणून मी तिच्या दोन्ही तळव्यांच्या समान जागी सेन्सर लावले आहेत. दोन पायांत २.२ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक फरक सलग दोन दिवस दिसला, तर चालणे कमी करून दाखवायला जायचे, असा आमचा नियम आहे. या सेन्सरमध्ये अर्ध्या अंशाची चूक असू शकते, म्हणून आधी दोन्ही एकाच भांड्यातील पाण्यात बुडवून त्यांच्यातला फरक टिपून ठेवावा.

रुग्णसेविका_२६
दादा, तुम्ही आईची काळजी चांगली घेता, पण २.२ अंशांचा हा निकष तळव्याची कातडी अजून फाटलेली नसताना, पुढची जखम टाळण्यासाठी असतो. उघड्या जखमेवर निर्जंतुक न केलेला धातूचा तुकडा ठेवणे योग्य नाही. ताई, जखम कोठे आहे, पाय सुजतो का आणि पायाची नाडी कोणी तपासली आहे का, हे कृपया सांगा. त्याशिवाय दिलेला सल्ला अंदाजपंचे ठरेल.

निसर्गोपासक
सेन्सरपेक्षा रोज शुद्ध मध लावावा. माझ्या काकांची जखम त्यानेच भरली.

साखरमोजणी
दंडावर लावायची सततची साखरमोजणीची पट्टी घ्या. ती इथे मिळते आणि मोबाइलवर आकडे दाखवते.

मुठाकाठ
ती पट्टी दंडाच्या त्वचेखालील द्रवातली साखर मोजते. जखमेविषयी ती काहीच सांगत नाही. मधाविषयी एवढेच म्हणतो की, जखमेसाठीचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, स्वयंपाकघरातल्या बाटलीतला नसतो.

कोथरूडची_लेक
बाबांना मधुमेह नाही. तसे मी कोठेही म्हटलेले नाही. जखम डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडी वर आहे. भोवतीची कातडी तपकिरी झाली आहे आणि संध्याकाळी पाय सुजतो. बाबांनी ३४ वर्षे नारायण पेठेतल्या छापखान्यात यंत्रापाशी उभ्याने काम केले. पोटरीच्या शिरा तेव्हापासूनच फुगलेल्या आहेत. सध्या साधे क्रेप बँडेज बांधतात. नाडीचे मला ठाऊक नाही.

रुग्णसेविका_२६
ताई, मग आतापर्यंतची निम्मी चर्चा दुसऱ्याच जखमेविषयी झाली. हे वर्णन शिरांमुळे होणाऱ्या जखमेशी जुळते. तिथे रक्त पायातून वर नीट चढत नाही, म्हणून सूज येते आणि लस पाझरत राहते. तिचा मुख्य उपचार म्हणजे दाब: घोट्याशी साधारण ४० मिमी पारा आणि गुडघ्याकडे कमी होत जाणारा. साध्या क्रेपने तो टिकत नाही. मात्र त्याआधी डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने, घोट्याजवळचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून गुणोत्तर पाहायलाच हवे. ते ०.८ पेक्षा कमी असेल, तर पूर्ण दाब देऊ नये. धमन्या अरुंद असलेल्या पायाला घट्ट पट्टीने अपाय होतो. ही तपासणी झाली नसेल, तर रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांकडे जावे. दाखवलेले असले, तरी मला हे लिहिणे भाग आहे.

मुठाकाठ
या माहितीने माझेही उत्तर बदलते. इथे आम्लतेपेक्षा दोन गोष्टी मोजण्यासारख्या आहेत: पट्टीखालचा दाब आणि ओल. सूज उतरली की घेर कमी होतो आणि सोमवारी नीट बसलेली पट्टी बुधवारी सैल पडते. असा दाब मोजणारी छोटी उपकरणे दवाखान्यांत वापरली जातात. आपल्या रविवारच्या तक्रारीचे मूळ मात्र ओल आहे.

जोडणीवाला
ओल मोजणे सोपे आहे. कापसाच्या थरात दोन तारा ठेवल्या की भिजल्यावर त्यांच्यामधला विद्युतरोध उतरतो. एकदिश, म्हणजे सतत एकाच दिशेने वाहणारा प्रवाह मात्र टाळावा, कारण त्याने तारा झिजतात आणि आकडा सरकत जातो.

रुग्णसेविका_२६
दाबाच्या पट्टीखाली तार ठेवली, तर ती कातडीत रुतून दुसरी जखम करते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ठेवायचीच असेल, तर अगदी बाहेरच्या थरात ठेवा. आम्ही तिथे साधे पेन वापरतो: लस बाहेरच्या थरावर दिसली की डागाच्या कडेने रेघ काढून शेजारी वेळ लिहितो. दुपारची रेघ संध्याकाळी ओलांडलेली दिसली, तर ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता पट्टी बदलायची.

जोडणीवाला
रात्री तीन वाजता रेघ कोण पाहणार? बाहेरच्या थरात असल्या, तर तारा त्रास देणार नाहीत.

कोथरूडची_लेक
रेघ काढून फोटो पाठवायला मावशी तयार आहेत. आज दुपारी एक वाजता त्यांनी पहिली रेघ काढली आणि पाच वाजता डाग तिच्या दोन बोटे बाहेर गेला होता. सिस्टरना फोन केला, त्या उद्याऐवजी आजच येऊन पट्टी बदलून गेल्या. जखमेवर पारदर्शक प्लॅस्टिक धरून तिची कडाही आखून घेतली आहे. डॉपलरसाठी गुरुवारची वेळ मिळाली आहे. जोडणीवाला दादा, रात्रीसाठी बाहेरच्या थरापुरती जोडणी मला हवी आहे, पण गुरुवारनंतर, पट्टी कोणती बांधायची हे ठरल्यावर. शनिवारी तापकीर गल्लीत भेटता येईल का?