सोसायटीची सभा वेळेत संपल्याचा अनुभव आहे का कुणाला?

लिफ्टशेजारी काल सर्वसाधारण सभेची नोटीस लागली. ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची म्हणून धावपळ. खाली 'आयत्या वेळचे विषय' वाचलं आणि बाबा आठवले. डोंबिवलीच्या आमच्या जुन्या सोसायटीचे ते सेक्रेटरी. सभेला घरातलं गजराचं घड्याळ न्यायचे. हिशेबाच्या प्रती आधीच दारोदार स्वतः द्यायचे, "शंका असेल तर आत्ताच विचारा" म्हणायचे. थकबाकीदाराचं नाव चारचौघांत कधी घेतलं नाही. आदल्या रात्री त्या घरी जाऊन बसायचे. दीड तासात आभार. सतरंज्या घालायचं काम माझं. तुमच्याकडे कोण होतं असं?

अबोली: गळती!! दरवर्षी दोन तास त्यावरच. वरचे म्हणणार आमचं बाथरूम कोरडं, खालचे फोटो दाखवणार. यंदा अध्यक्षबाईंनी सभेआधीच प्लंबरला दोन्ही घरांत फिरवला आणि त्याचं म्हणणं लिहून आणलं. दहा मिनिटांत विषय संपला. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

मधला जिना: आमची २४ बिऱ्हाडं, दोन तृतीयांश म्हणजे १६ जण हवेत. येतात सात. मग तहकूब, अर्ध्या तासाने तीच सभा, तेव्हा कोरम लागत नाही. हे सगळ्यांना पाठ झाल्यामुळे लोक अर्धा तास उशिराच निघतात. वेळेवर येणाऱ्या म्हाताऱ्यांचे हाल बघवत नाहीत हो.

रानजाई: सोसायटीचं माहीत नाही, गावचं सांगते. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. बरीच वर्षं नुसत्या सह्या व्हायच्या. जाऊबाई सदस्य झाल्यावर खरंच घेतली, देवळात. नळाला पाणी किती वाजता हवं ते बायकांनी तिथेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी पुरुषांत बोलायची वेळच आली नाही, ठराव वाचला फक्त.

अबोली: वा रानजाई! जाऊबाईंना नमस्कार सांगा.

खिडकीपाशी: डोंबिवलीत कुठे? आम्ही पूर्वेला होतो, स्टेशनपासून चालत.

सुईदोरा: आमच्या बचत गटात आधी पैसे मोजायचे, वहीत चढवायचे, सह्या. गप्पा नंतर. उशीर झाला तर पाच रुपये दंड, तो गटातच जमा. गप्पा आधी ठेवल्या होत्या तेव्हा एकदा हिशेब चुकला आणि दोघी महिनाभर बोलत नव्हत्या. फार वाईट वाटायचं.

मधला जिना: इतिवृत्त तिथल्या तिथे लिहा, हे माझं कळकळीचं सांगणं. दोन महिन्यांनी लिहिलं की भांडण त्यावरच.

धागाकर्ती: खिडकीपाशी, आम्हीही पूर्वेलाच! कुठली शाळा? आणि मधला जिना, खरंय. बाबा तिथेच लिहून सूचक-अनुमोदकांची नावं मोठ्यानं वाचायचे.

रानजाई: घड्याळ आहे का अजून?

धागाकर्ती: आहे. किल्ली दिली की चालतं. रविवारी नेते.

खिडकीपाशी: अबोली, त्या प्लंबरचा नंबर मिळेल का? आमच्या हॉलचं छत ओलं आहे.