1778 सालची उंच केशरचना सुतातून उभी करायची आहे. चित्रपटांतून नेमकं काय उचलावं?

सूतलडी

नमस्कार. मी इचलकरंजीत राहते, यंत्रमागाच्या कापडाची डिझाइनं काढते. आमच्या हौशी संस्थेचं यंदाचं स्पर्धेचं नाटक 1778 सालच्या पॅरिसमध्ये घडतं. सरदारीण, तिची दासी आणि केस बांधणारा, अशी तीनच पात्रं. सगळं नाटक आरशासमोर. नाटकभर बाईसाहेबांचे केस बांधले जातात आणि शेवटच्या प्रवेशात दासी ते उतरवते. केस फसले तर नाटक उरतच नाही, आणि केसांची जबाबदारी माझ्याकडे आहे.

दोन महिने रोज रात्री चित्रपट थांबवून थांबवून वहीत काढतेय. ‘मारी आंत्वानेत’ (2006) तीन वेळा झाला, ‘अमेडियस’ (1984) दोनदा, ‘द फेव्हरिट’ (2018) एकदा. 62 चित्रं झाली. पण वही उघडली की पिसं, मोती, फुलं, फिती एवढंच दिसतं. दागिन्यांची यादी तयार झाली, केस मात्र हाती लागले नाहीत.

भाड्याचा विग आणून पाहिला. पांढराशुभ्र नायलॉनचा, दिव्याखाली प्लास्टिकच्या ताटलीसारखा चमकला. परत दिला. केसांसाठी संस्थेकडे चार हजार रुपये आहेत. माझ्याकडे भरपूर आहे ते सूत. 20 काउंटचं (काउंट म्हणजे सुताच्या जाडीचं माप) दुपदरी, न रंगवलेलं, दुधावरच्या सायीच्या रंगाचं, कोनावर उरलेलं. त्याचे केस होतील का? एवढी उंची उभी कशावर राहते? आमच्या नायिकेला पन्नास मिनिटं ते डोक्यावर घेऊन वाकायचंय, उठायचंय, एकदा रडायचंही आहे.

गाठीमागे गाठ

ताई, मी ठाण्याचा. रंगभूषा करतो आणि बावीस वर्षं विग विणतो. तुमची वही चुकलेली नाही, फक्त ती वरून खाली भरली गेलीय. बांधणारा खालून वर जातो.

पहिली गोष्ट म्हणजे त्या काळी विग घालायचे ते मुख्यतः पुरुष. बायका स्वतःचेच केस वर घ्यायच्या. डोक्यावर घोड्याच्या केसांनी किंवा लोकरीने भरलेली गादी ठेवायची, कपाळावरचे केस तिच्यावरून मागे ओढायचे आणि कमी पडले की विकतचे केस जोडायचे. आपल्या आज्यांच्या पेटीत गंगावन असायचं, तोच प्रकार. म्हणजे उंची गादीची, केस फक्त तिच्यावरचं पांघरूण. चित्रपटवाले पूर्ण विग वापरतात, कारण पहिल्या दिवशीचा आकार चाळिसाव्या दिवशी जसाच्या तसा दिसायला हवा आणि नटीला रोज चार तास खुर्चीत बसवता येत नाही. तुमची गरज त्यांच्या उलट आहे. तुम्हाला केस प्रेक्षकांसमोर बांधायचे आणि सोडायचे आहेत. तेव्हा विग करूच नका. गादी वेगळी, गंगावनं वेगळी, कानामागच्या बटा वेगळ्या करा. केस बांधणारा रंगमंचावर एकेक तुकडा चढवेल आणि दासी त्याच क्रमाने उलटं उतरवेल. शेवटी गादी निघाली की खाली बाईचं छोटंसं, खरं डोकं दिसेल. तो क्षण मला आत्ताच दिसतोय.

आता चित्रपटातून काय घ्यायचं ते सांगतो. चित्र थांबवा, डोळे किलकिले करा आणि फक्त बाहेरची रेघ काढा. आतलं एकही फूल काढू नका. हनुवटीपासून कपाळापर्यंतचा चेहरा मोजा आणि त्यावरची उंची चेहऱ्याच्या किती पट ते लिहा. 1770 नंतरच्या दशकात रेघ अंड्यासारखी सरळ वर जाते आणि कपाळ पूर्ण उघडं असतं. 1780 नंतर तीच रेघ रुंदावत जाते आणि पिंजारलेल्या केसांचा फुगारा दोन्ही बाजूंना पसरतो. ‘मारी आंत्वानेत’मध्ये त्या फ्रेंच राणीची कितीतरी वर्षं दाखवतात, म्हणून तुमच्या वहीत दोन्ही मिसळलंय. तुमचं साल 1778. रुंद चित्रं बाजूला काढा, वही निम्मी होईल.

दागिन्यांबद्दल मात्र वेगळा विचार करा. त्या बायका डोक्यावर ताजी बातमी मिरवायच्या. 1774 मध्ये फ्रान्सचा राजा सोळाव्या लुईने देवी टोचून घेतल्या, तर त्यावरून केशरचना निघाली: वैद्यकीच्या देवाचा साप, सोटा, उगवता सूर्य आणि ऑलिव्हचं झाड. 17 जून 1778 ला ‘बेल पूल’ हे फ्रेंच लढाऊ जहाज इंग्रजांच्या ‘अरेथ्यूझा’शी लढलं, तर बायकांच्या केसांवर जहाजं आली. नाटक जूनच्या आधी घडत असेल तर जहाज चालणार नाही. नंतर घडत असेल तर त्याला अर्थ आहे. तुमच्या लेखकाला विचारा, त्या दिवशी ही बाई कोणती बातमी डोक्यावर घेऊन चाललीय? उत्तर मिळालं की एकच वस्तू ठेवा आणि बाकी यादी फाडून टाका.

तुमचं सूत मला फार आवडलं. तेव्हाची पावडर मुख्यतः पिठूळ स्टार्चची असायची. आधी चरबीचं सुगंधी मलम चोपडायचं, मग त्याच्यावर पावडर उडवायची. तपकिरी केसांवर ती बसली की राखाडी, मळकट-सायीचा रंग यायचा, धुतल्या चादरीसारखा पांढरा नाही. तुमच्या गावात ताण्याच्या सुताला खळ देतात, तीच खळ बटांना द्या. ओल्या लडीचे पेन्सिलवर वळसे घ्या, वाळू द्या आणि मग पेन्सिल काढा. कानाच्या मागे अशा आडव्या तीन-तीन गुंडाळ्या आल्या की काळ उभा राहतो.

गादीला आतून पातळ तारेचा सांगाडा करा. कपाळाच्या कडेला मात्र खऱ्या केसांची एक ओळ जाळीवर विणून लावा. तिथे सूत पकडलं जातं. विग कसला आहे ते नेहमी कपाळाच्या कडेवर कळतं.

पडद्यामागून

मी प्रकाशयोजना करतो. सुताला तूस, म्हणजे बाहेर आलेले बारीक तंतू, असतं हे विसरू नका. मागून दिवा आला की डोक्याभोवती उजळ कड येईल. ती हवी असेल तर छानच, पण आधी ठरवा. ‘बॅरी लिंडन’ (1975) मधले मेणबत्तीच्या उजेडातले प्रसंग पाहा. त्यासाठी नासाकरता बनवलेली, अगदी कमी उजेडात चालणारी झाइस कंपनीची एफ 0.7 भिंगं वापरली होती. त्या उजेडात पावडरचे केस पांढरे दिसतच नाहीत, मधाळ दिसतात. तुमच्या आरशाजवळ एक खालचा, पिवळा दिवा द्या. आणि बटांची चाचणी ट्यूबलाइटखाली करू नका, फसाल.

खोपा

मी इंग्लंडमध्ये विग विणायला शिकले, आता तिथेच नाटकांसाठी काम करते. ठाण्याच्या दादांचं जवळजवळ सगळं पटलं. दोन गोष्टी पटल्या नाहीत.

तार नको. नटी वाकणार, रडणार, तिच्या डोक्यावर दुसरी नटी घाईने हात घालणार. एक टोक कापडातून बाहेर आलं तर टाळूला लागेल. कसलाही दुसरा सांगाडा करा.

आणि कपाळावर खऱ्या केसांची ओळ लावू नका, असं मी कळकळीने सांगेन. कॅमेरा चार बोटांवर असतो, म्हणून चित्रपटाला एकेक केसाची गाठ मारलेली कड लागते. तुमचा पहिला प्रेक्षक वीस फुटांवर आहे. एक ओळ खरी आणि वर सगळं सूत, मग नजर त्या सांध्यावरच अडकेल. पूर्ण सूतच ठेवा आणि ते सूत आहे हे दिसू द्या. ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ (2020) साठी केशभूषाकार मिया नील यांनी नटी व्हायोला डेव्हिसचा एक विग घोड्याच्या केसांचा केला, कारण खरी मा रेनी तसाच विग घालायची. तो जाड, राठ दिसतो, आणि म्हणूनच त्या गायिकेचा वाटतो. त्या चित्रपटाच्या चमूला रंगभूषा आणि केशभूषेचं ऑस्कर मिळालं. ‘द फेव्हरिट’ तुमच्या काळाच्या सत्तरेक वर्षं आधीचा आहे, त्यातले आकार उचलू नका. पण त्यात स्वयंपाकघरातल्या नोकरांचे कपडे डेनिमचे आहेत आणि कुणाला ते खुपत नाही, कारण निर्णय एकदा घेतला आणि शेवटपर्यंत पाळला. कापडाच्या गावातल्या नाटकात केस सुताचेच असावेत असं मला मनापासून वाटतं.

गादी घसरू नये म्हणून नटीच्या केसांच्या टाळूवर चार बारीक वेण्या घाला, गोल चपट्या करून आकड्यांनी बसवा, वर जाळीची टोपी. गादीचे आकडे त्या वेण्यांमध्ये रुतवायचे. नुसत्या केसांत रुतवले तर पहिल्या वाकण्यातच सुटतात.

गाठीमागे गाठ

तारेचं मान्य. कपाळाच्या कडेचं मान्य करायला जड जातंय, बावीस वर्षांची सवय आहे. पण वीस फुटांचा हिशेब बरोबर आहे. ताई, दोन्ही करून बघा आणि शेवटच्या रांगेतून पाहा.

सूतलडी

सगळ्यांचे आभार. आठ दिवसांत जे झालं ते लिहिते.

वही निम्मी केली. उरलेल्या चित्रांवर बटर पेपर ठेवून फक्त बाहेरच्या रेघा काढल्या, तर त्या जवळजवळ एकमेकींवर बसल्या. चेहऱ्याच्या दीडपट. आमच्या नायिकेचा चेहरा 18 सेंमी, म्हणून वर 27.

सांगाड्याला तार नाही. बाबा दिवाळीत आकाशकंदील करतात, त्यांनी बांबूच्या कामट्या तासून अंड्याच्या आकाराचा पिंजरा बांधून दिला, टोकं दोऱ्याने गुंडाळली. त्यावर जुन्या मच्छरदाणीची जाळी आणि उशीतल्या फायबरचा पातळ थर. गंगावनांसकट वजन 410 ग्रॅम. आधी वेण्यांशिवाय बसवलं, तर नायिका वाकताच सगळं डाव्या कानावर आलं. चार वेण्या घातल्यावर ती खाली बसून पडलेला कंगवा उचलू शकली.

कपाळाची कड दोन्ही तऱ्हेने केली. सभागृह मिळालं नाही, म्हणून शाळेच्या व्हरांड्यात एका टोकाला तिला बसवलं आणि दुसऱ्या टोकाहून मी, दिग्दर्शक आणि बाबा पाहत होतो. खऱ्या केसांची ओळ लांबून पट्टीसारखी दिसली. सुताची कड दिसलीच नाही, थेट चेहराच दिसला. सूतच ठेवतेय.

लेखकाने नाटक जुलैत नेलं. म्हणजे जहाज येणार. ते मी घडी केलेल्या खळीच्या कापडाचं करतेय, शिडांसकट वीतभर लांब. दासी सगळ्यात आधी तेच उतरवते आणि आरशासमोर ठेवते.

खळ दिलेल्या बटा मात्र या पावसात वाळत नाहीयेत. दोन दिवस झाले, अजून ओलसर आहेत. चोवीस पेन्सिली सायझिंगवाल्या, म्हणजे सुताला खळ देणाऱ्या, काकांकडे नेऊन त्यांच्या गरम खोलीत दोरीला टांगल्यात. रविवारी दिव्याखाली चाचणी आहे, पिवळ्या, आरशाजवळच्या.