संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या चढावर जे घडले त्याबद्दल

प्रेषक: बीचव्ह्यूचे यजमान
प्रति: मंडळाचे सर्व सभासद

सप्रेम नमस्कार,

गेल्या शनिवारी पिट्सबर्गच्या ऐन जानेवारीत आपण सर्वजण हळदीकुंकवाला आमच्या घरी आलात, त्याबद्दल आम्हा उभयतांकडून मनःपूर्वक आभार. तिळगूळ सर्वांना पुरला, वाणाचे डबे मात्र चार कमी पडले. ते पोचवण्याची जबाबदारी आमच्याकडे राहिली आहे. हे पत्र मात्र केवळ आभारापुरते नाही. संध्याकाळी सहा ते सात या तासाभरात आमच्या गल्लीत जे घडले, त्यात सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. परंतु ते पुन्हा घडू नये म्हणून चार गोष्टी लिहिणे मला आवश्यक वाटते.

त्या दुपारी तापमान ३८ अंश फॅरनहाइटपर्यंत चढले होते, त्यामुळे रस्त्याच्या कडेला बर्फ सारणाऱ्या गाडीने (प्लोने) रचलेले बर्फाचे ढीग वितळून पाणी रस्त्यावर आडवे पसरले. सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळला आणि सहापर्यंत त्या पाण्याची काच झाली. रस्ता नुसता ओला दिसत होता, आणि तो ओला दिसत होता हीच खरी अडचण होती.

त्यात वरून एक गाडी उतरत होती आणि खालून दुसरी चढत होती. दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असल्यामुळे मधून एकच गाडी जाऊ शकत होती. उतरणारी गाडी निम्म्या उतारावर, एका घरासमोर बर्फ वितळवायला मीठ टाकलेले होते तेवढ्या पट्ट्यात, थांबली. चढणारीही सौजन्याने थांबली. चढणारीला पुन्हा चाल धरता येईना. चाके जागच्या जागी फिरून खालचा बर्फ अधिकच गुळगुळीत झाला, आणि अखेरीस तिला अंधारात, मागे आणखी दोन गाड्या असताना, दीडशे फूट उलटे उतरावे लागले. मग वरची गाडी निघाली, मिठाचा पट्टा संपला आणि ती हळूहळू आडवी होत घसरत गेली. शेजाऱ्यांच्या गाडीपासून हातभर अंतरावर तिचे मागचे चाक कर्बला (फुटपाथच्या उंच कडेला) टेकले, म्हणून निभावले. रिमवर ओरखडा आला, एवढेच नुकसान.

माझी स्वतःची चूकही कबूल करतो. पाहुणे येण्याच्या घाईत मी ड्राइव्हवेच्या तोंडाशी दोन पातेली उकळते पाणी ओतले होते. दहा मिनिटे जागा स्वच्छ दिसली. त्यानंतर तिथे जी फरशी तयार झाली तिच्यावर माझाच पाय प्रथम घसरला. बर्फावर गरम पाणी ओतणे म्हणजे रात्रीसाठी नवा बर्फ तयार करून ठेवणे, हे सोळा वर्षे इथे राहूनही मला सुचले नाही.

आणखी एक गोष्ट संकोचाने लिहितो. आमच्या शेजारच्या आजोबांनी सकाळी तासभर फावडे मारून मोकळ्या केलेल्या जागेत ठेवलेली त्यांची जुनी घडीची खुर्ची आपल्यापैकी कोणीतरी बाजूला करून तिथे गाडी लावली. नव्याने आलेल्यांसाठी सांगतो: या शहरात खुर्ची ठेवून जागा धरण्याची रीत फार जुनी आहे. तिला कायद्याचा आधार नाही, तरीही लोक ती पाळतात. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालाचा मान आपण जसा राखत आलो, तसाच या खुर्चीचाही राखावा. आजोबा काहीही बोलले नाहीत. त्यांनी गाडी खालच्या वळणावर लावली आणि कठडा धरत तो चढ पायी चढले. ते दृश्य मी खिडकीतून पाहिले, म्हणून लिहिणे भाग पडले.

आपला स्नेहांकित,
बीचव्ह्यूचा यजमान

प्रेषक: ओकलंडची विद्यार्थिनी

काका-काकू आणि सर्व सभासदांना सादर नमस्कार,

उतारावर मध्येच थांबलेली ती गाडी माझी होती. काकांनी पत्रात माझा उल्लेख टाळला, हा त्यांचा मोठेपणा. परंतु सगळ्यांनी पाहिलेले असताना मी गप्प राहणे योग्य ठरणार नाही. खुर्ची मात्र मी हलवलेली नाही.

मी का थांबले, ते सांगते. मी गाडी शिकले पुण्यात, आणि बाबांनी पहिल्यांदा घाटात चाक हाती दिले ते ताम्हिणीत. तिथला पहिला धडा असा, की चढणाऱ्या गाडीचा वेग मोडू द्यायचा नाही. उतरणाऱ्याने कडेला थांबून तिला वाट द्यायची. भारतातल्या मोटार वाहन नियमांतही हे स्पष्ट लिहिलेले आहे. त्यामुळे खालून दिवे दिसताच माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला, आणि आपण शिस्तीचे वागलो असे मला वाटलेही. त्यानंतर गाडी सुटली तेव्हा पायाखाली ब्रेक खडखडू लागला. काहीतरी मोडले असे वाटून मी घाबरून पाय उचलला, पुन्हा दाबला, पुन्हा उचलला. गाडी वेगात मुळीच नव्हती. चालणाऱ्या माणसाच्या वेगाने ती घसरत होती, आणि चाक कोणत्याही बाजूला फिरवले तरी तिला काही फरक पडत नव्हता. समोरच्या घरातल्या बाई खिडकीचा पडदा सरकवून पाहत होत्या, त्यांचा चेहरा माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे.

माझा प्रश्न असा आहे: घाटातला नियम इथे चुकीचा आहे का? आणि नसेल, तर मी नेमके काय करायला हवे होते?

आपली नम्र,
ओकलंडहून

प्रेषक: ग्रीनफिल्डचे काका

चि. ओकलंडकर हिस अनेक आशीर्वाद, आणि सर्वांना नमस्कार.

तुझा नियम बरोबर होता, तो पाळण्याची जागा चुकली. मी निवृत्त स्थापत्य अभियंता असल्यामुळे थोडे आकडे देतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. घाटरस्ता आखताना वळणे देऊन चढ साधारण वीस फुटांना एक फूट, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास राखण्याचा प्रयत्न असतो. या शहराच्या जुन्या वस्त्यांत मात्र रस्ते टेकडीवर सरळ नाकासमोर चढवलेले आहेत. बीचव्ह्यूतल्याच कॅंटन अव्हेन्यूचा चढ ३७ टक्के धरला जातो, आणि ट्रॉय हिलच्या रिआल्टो स्ट्रीटचा सुमारे २४. यजमानांच्या गल्लीत मी रविवारी जाऊन ४८ इंची लेव्हल (पाणसळ) ठेवली; तिचे खालचे टोक पावणेसात इंच उचलावे लागले, म्हणजे १४ टक्के. कोरड्या डांबरावर टायरची पकड (घर्षणाचा गुणांक) साधारण ०.७ असते, म्हणून कोरड्या दिवशी कॅंटन अव्हेन्यूवरही गाडी थांबते. बर्फावर ती ०.१ च्या आसपास येते. चढ ०.१४ (म्हणजे १४ टक्के) आणि पकड ०.१ असेल, तर चारही चाके जागच्या जागी करकचून धरली तरी गाडी थांबणार नाही, उलट तिचा वेग वाढत जाईल. हा चालवणाऱ्याच्या कौशल्याचा प्रश्नच नाही. तू थांबलीस ती मिठावर. पुढे थांबणे तुझ्या हातात नव्हते.

म्हणून अशा रस्त्यावर वाट देण्याचा निर्णय माथ्यावर घ्यायचा असतो, उतारावर नव्हे. वरच्या सपाट चौकात पूर्ण थांबावे, दिवे मंद करावेत, काच खाली करून कान द्यावा, आणि खालून कोणी येत असेल तर ते वर पोचून शेजारून निघून जाईपर्यंत जागचे हलू नये. खालच्यानेही तसेच करावे: पुढची गाडी चढावर असेपर्यंत आपण पायथ्याशी थांबावे, कारण ती अडकली तर तिला उलटे येण्यासाठी मोकळा रस्ता लागतो. शनिवारी मागून दोन गाड्या चिकटून चढल्या, ती चूक तुझ्या चुकीपेक्षा मोठी होती, आणि त्यातल्या एका गाडीत मी बसलो होतो. मी चालवत नव्हतो, पण बोललोही नाही.

उतरताना माथ्यावरच खालचा गिअर घालावा. अनेक हायब्रिड गाड्यांत त्यासाठी ‘बी’ असतो. ब्रेक खडखडतो तो मोडल्यामुळे नव्हे, एबीएस (चाके अडकू न देणारी ब्रेकची यंत्रणा) काम करत असल्यामुळे. तेव्हा पाय उचलू नये, दाबून धरावा आणि जिथे जायचे आहे तिकडे पाहत चाक वळवावे. ऑल व्हील ड्राइव्हबद्दल (चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीबद्दल) आपल्या मंडळींत फार गैरसमज आहे. ती गाडी चढायला मदत करते, थांबायला नाही. ताशी २५ मैलांवरून कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ३० फुटांत थांबणारी कोणतीही गाडी सपाट बर्फावरसुद्धा सुमारे २०० फूट घेते. फरक पडतो तो टायरने. पारा ४५ अंश फॅरनहाइटच्या खाली गेला की उन्हाळी टायरचे रबर कडक होऊ लागते, विंटर टायरचे मऊ राहते. माझ्याकडे अशा टायरांचा संच तळघरात असतो आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी तो चढवलेला असतो, सौ. त्याला माझे दुसरे बारसे म्हणते.

मिठाबद्दल यजमानांना सांगणे असे, की साधे मीठ साधारण १५ अंश फॅरनहाइटखाली जवळजवळ काम करत नाही. तिथे कॅल्शियम क्लोराइड किंवा नुसती जाडी वाळू बरी. शनिवारी मात्र मीठ पुरले असते, फक्त ते सूर्य मावळण्याआधी पडायला हवे होते. आणि गोठणबिंदूच्या आसपासचा, वर पाण्याचा थर असलेला बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फाहून निसरडा असतो, त्यामुळे “आज थंडी कमी आहे” हे ऐकून मी अधिक सावध होतो.

गाडी लावताना तोंड चढाकडे असेल तर पुढची चाके रस्त्याकडे वळवावीत आणि उताराकडे असेल तर कर्बकडे, म्हणजे गाडी सुटली तरी कर्बला अडते. मात्र कर्ब बर्फाखाली गाडला गेला असेल तर या युक्तीवर विसंबू नये. शेवटी ‘पिट्सबर्ग लेफ्ट’बद्दल. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे डावे वळण समोरच्या गाड्यांना आडवे जाते. सिग्नल हिरवा होताच समोरच्या डावीकडे वळणाऱ्याला आधी जाऊ देण्याचे इथले सौजन्य मला मनापासून आवडते, परंतु बर्फ असताना ते देऊही नये आणि घेऊही नये, कारण आडव्या रस्त्यावरून लाल दिव्याला थांबू न शकलेली गाडी नेमकी त्याच क्षणी चौकात येते.

तुमचा,
ग्रीनफिल्डचा काका

प्रेषक: डॉरमाँटच्या वहिनी

नमस्कार मंडळी,

गाड्यांबद्दल सर्व लिहून झाले, पायी चालणाऱ्यांबद्दल कोणी लिहिले नाही. संक्रांतीला आपण काळी साडी नेसतो. शनिवारी आम्ही सहाजणी वरच्या रस्त्यावरून चालत उतरलो, फुटपाथवर बर्फ होता म्हणून रस्त्याच्या मधून, काळ्या चंद्रकळा, वर काळे कोट, हातात वाणाच्या पिशव्या. घसरणाऱ्या गाडीला आम्ही दिसलोच नसतो, आणि दिसून तिला उपयोगही नव्हता. माझ्या मुलाच्या सायकलीचा चमकणारा पट्टा मी आता पर्समध्ये ठेवला आहे. चंद्रकळेवर तो अजिबात शोभत नाही.

गाडीच्या टपावरचा बर्फही निघण्यापूर्वी काढावा, ही विनंती. उतारावर ब्रेक लागताच तो अख्खा थर पुढच्या काचेवर येतो. पेनसिल्व्हेनियात २०२२ पासून हिमवृष्टी थांबल्यापासून २४ तासांत तो काढण्याचा प्रयत्न करणे कायद्यानेच बंधनकारक आहे, न केल्यास ५० डॉलर दंड आहे.

आपली,
डॉरमाँटहून

प्रेषक: सचिव

सर्व सभासदांस नमस्कार,

वरील पत्रव्यवहारावर कार्यकारिणीने काल रात्री फोनवर चर्चा केली. माघी गणपतीचा कार्यक्रम साउथ साइड स्लोप्सवरील घरी ठरलेला आहे आणि तो चढ बीचव्ह्यूपेक्षा सौम्य नाही, म्हणून तो संध्याकाळऐवजी सकाळी ११ ते दुपारी ३ या वेळेत होईल आणि पाहुण्यांनी तीनच्या पुढे रेंगाळू नये, ही आग्रहाची विनंती. त्या दिवशी सकाळी आठ वाजता यजमान स्वतः रस्त्यावर चालून पाहतील आणि या यादीवर एका ओळीत कळवतील. रस्ता वाईट असल्यास आरती पुढच्या रविवारी होईल. गणपती रागावणार नाहीत. रस्ता बरा असल्यास एक सभासद माथ्यावर आणि एक पायथ्याशी फोन घेऊन उभे राहतील आणि एका वेळी एकच गाडी सोडतील. पहिल्या तासासाठी ग्रीनफिल्डच्या काकांनी माथा मागून घेतला आहे. पायथ्यासाठी नाव हवे आहे.

ज्यांनी ती खुर्ची हलवली त्यांनी मला स्वतंत्रपणे कळवले आहे, आणि ते रविवारी तिळगुळाचा डबा घेऊन आजोबांकडे जाऊन आले. त्यांना आत बोलावून कॉफी देण्यात आली, असे कळते.

राहिलेले वाणाचे चार डबे बीचव्ह्यूचे यजमान शनिवारी सकाळी दहा वाजता वर ब्रॉडवे अव्हेन्यूवर, ट्रामच्या थांब्यापाशी घेऊन उभे राहतील. त्यासाठी कोणीही गाडी घेऊन त्यांच्या गल्लीत उतरू नये.

कळावे,
सचिव