लॅटिन ‘पिएतास’ला ‘भक्ती’ म्हणून चालेल का?

शब्दवेल्हाळ: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘पिएतास म्हणजे भक्ती, विषय संपला.’ संपत नाही हो. रोमन वक्ता सिसेरोच्या लेखी देश, आईवडील आणि रक्ताची माणसं यांच्याबद्दलचं कर्तव्य पाळणं म्हणजे पिएतास. इ.स.पू. ४७-४६ च्या सुमाराचं सीझरचं नाणं बघा. जळत्या ट्रॉय शहरातून निसटलेल्या एनिअसच्या खांद्यावर म्हातारा बाप, हातात देवीची छोटी मूर्ती. हे सगळं ‘भक्ती’त कोंबणार?

कृष्णाकाठ: ते लिहिणारा मीच. मातृपितृभक्ती, देशभक्ती हे शब्द मराठीतलेच ना? आईवडिलांच्या सेवेसाठी पुंडलिकाने विठ्ठलाला विटेवर उभं ठेवलं. आपण लॅटिन शिकतो ते इंग्रजी कोशातून, मग मराठी शब्द तोकडे वाटू लागतात. याचीच मला चीड आहे.

शब्दवेल्हाळ: कोश राहू द्या, एनिअसची कथा सांगणारा रोमन कवी व्हर्जिल घ्या. डोळ्यांदेखत मुलगा मारला गेल्यावर ट्रॉयचा राजा प्रायाम म्हणतो, स्वर्गात काही पिएतास असेल तर देव याची परतफेड करतील. देव कुणाची भक्ती करतात?

कृष्णाकाठ: बरं, देवांपुरतं मान्य. तेवढंच.

रानजाई: त्या नाण्यावर एनिअसची बायको क्रेउसा कुठाय? ट्रॉय जळत असताना बाप खांद्यावर, मुलगा हाताशी आणि क्रेउसाने मागून अंतर ठेवून यायचं. ती हरवली. पुढे त्याच्यावर जीव जडलेल्या कार्थेजच्या राणीला, दीदोला, सोडून निघतानाही कवी त्याला ‘पिउस’च, म्हणजे पिएतास पाळणाराच, म्हणतो. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा गावभर माझ्या नवऱ्याचं कौतुक. रात्री उठून त्यांची कूस बदलायचे ती मी.

शब्दवेल्हाळ: विषय शब्दाचा चाललाय, घरचं कशाला? आणि क्रेउसाला शोधायला तो जळत्या शहरात परत गेला, तेही सांगा की.

रानजाई: गेला, खरंय. पण ती नाही हे कळलं कधी? सेरेसच्या जुन्या देवळापाशी पोचल्यावर. तोवर मागे वळून पाहिलं नाही, हे तो स्वतःच सांगतो. आणि कर्तव्य कुणाच्या जिवावर पार पडलं, हा शब्दाचाच प्रश्न आहे.

कृष्णाकाठ: ताई, आजच्या मापाने रोमनांना मोजू नका.

रानजाई: आजच्या? रोमन कवी ओव्हिडने दीदोच्या तोंडी हाच आरोप घातलाय, कठोर नवऱ्याने एकटं टाकलं म्हणून क्रेउसा मेली. व्हर्जिल जाऊन फार वर्षंही झाली नव्हती तेव्हा.

कृष्णाकाठ: ओव्हिडचं घ्या मग. पण म्हणून व्हर्जिलने दिलेलं विशेषण खोटं ठरत नाही.

रानजाई: खोटं कोण म्हणतंय? त्यात बायको बसत नाही, एवढंच म्हणतेय. ‘भक्ती’ लिहा नाहीतर ‘कर्तव्य’ लिहा.